डोस लिहिता येतो, उपचार शिकवावा लागतो



ऑगस्ट 1922. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. एलियट जोस्लिन यांनी त्यांच्या रुग्णांपैकी एकीला प्रथमच इन्सुलिन टोचलं. मधुमेहाचे नावाजलेले तज्ज्ञ असूनही तोवर त्यांच्या हाती जवळजवळ एकच उपाय होता, रुग्णाचं अन्न तोडत नेण्याचा. एलिझाबेथ मज असं त्या रुग्णाचं नाव. आजाराने आणि उपासमारीने त्यांचं वजन तीसएक किलोवर आलं होतं, घराबाहेर पडणंही होत नव्हतं. इन्सुलिन सुरू झालं आणि काही आठवड्यांत त्या चालू-फिरू लागल्या. एलिझाबेथ मज पेशाने नर्स होत्या.

नवं औषध हाती आलं म्हणून काम संपलं असं जोस्लिन यांनी मानलं नाही. मधुमेही माणसाला स्वतःच्या आजाराचं शिक्षण मिळालंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह इन्सुलिनच्याही आधीचा. 1918 मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरायची पुस्तिका लिहिली होती. त्यांच्याकडे तयार झालेल्या नर्स रुग्णांच्या घरी जाऊन सुई कशी धरायची, लघवी कशी तपासायची, ताटात किती वाढायचं हे शिकवत. मधुमेहाच्या शुश्रूषेचा पाया त्या घरांमध्ये घातला गेला.

या आजाराचं वेगळेपण इथेच आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन सर्जन करतो, रुग्ण झोपलेला असतो. मधुमेहात मात्र साखर तपासणं, इन्सुलिन भरणं, टोचणं, जेवणाची वेळ पाळणं हे सगळं रुग्णालाच किंवा त्याच्या घरच्यांनाच करावं लागतं, वर्षाचे बाराही महिने. डॉक्टरांची भेट होते ती काही मिनिटांची. कागदावरचा डोस आणि घरातला हात यांच्यामधलं अंतर भरून काढायचं काम नर्सचं आहे, आणि ते उपचारानंतर उरलेल्या वेळेत उरकायचं काम नाही. तोच उपचार आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, प्रौढांमध्ये 26.4 टक्के. म्हणजे तिथे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक.

हा आजार फक्त लठ्ठ माणसांचा, ही समजूत पुण्यात झालेल्या कामाने मोडून काढली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं वजनाने कमी भरत, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असे. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचंही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. उपकेंद्रावर आलेला शेतमजूर काटक दिसतो म्हणून त्याच्या बोटाला सुई न टोचता परत पाठवणं का चुकीचं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला येते तेव्हाच 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजायची, 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा मोजायची, हा सरकारी नियमही म्हणूनच काटेकोर पाळायला हवा. 140 किंवा त्यावरचा आकडा आई आणि बाळ दोघांसाठी इशारा असतो.

आता सिरिंजकडे वळू. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक 40 ताकदीच्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100 ताकदीचं इन्सुलिन असतं. लाल टोपणाची सिरिंज 40साठी, नारिंगी टोपणाची 100साठी. मेडिकलवाल्याने नारिंगी सिरिंज दिली आणि आजोबांनी 40च्या बाटलीतून 20च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. साखर चढलेलीच राहते आणि पुढच्या भेटीत डोस वाढवला जातो. उलट 100 ताकदीचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये 20च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात 50 युनिट. ही चूक जिवावर बेतू शकते. ती पकडायला मोठी यंत्रणा लागत नाही. नर्सने एवढंच म्हणावं, “आजोबा, घरी घेता तसंच माझ्यासमोर भरून दाखवा.”

त्याच वेळी सदरा वर करून पोटही चाचपावं. रोज एकाच जागी टोचून तिथे मऊ गाठ आलेली असते. गाठीवर टोचलेलं इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी एकदम. ‘शुगर सारखी वर-खाली होते’ या तक्रारीमागे कित्येकदा जागा न बदलण्याची सवय निघते.

साखर उतरते तेव्हा वेळ फार थोडा असतो. वॉर्डात इन्सुलिन दिलं आणि जेवण यायच्या आत रुग्णाला सोनोग्राफीला नेलं, असं घडतं. दरदरून घाम, थरथर, धडधड ही खूण सगळे ओळखतात. पण वयस्कर माणूस नुसता असंबद्ध बोलू लागतो किंवा उगाच चिडतो, आणि घरचे म्हणतात, वयामुळे असेल. तिथे आधी ग्लुकोमीटर. आकडा 70च्या खाली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर पाण्यात तीन चमचे साखर, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायचं. आणि ग्लायमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही लगेच घरी सोडायचं नाही.

रुग्णाचं जगणं माहीत नसलेला सल्ला वाया जातो. “उपास करू नका” एवढं सांगितलं की मावशी मान डोलावतात आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातात. त्याऐवजी गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवता येतं, साबुदाण्याऐवजी वरई-दाण्याची आमटी बेताने घ्या, ताक घ्या, चक्कर आली तर उपास तिथेच सोडा, असं सांगता येतं. वारीला निघणाऱ्याला थांबवता येत नाही. पण त्याचे तळवे, बोटांच्या बेचक्या पाहता येतात, 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने स्पर्श कळतो का ते तपासता येतं, अनवाणी न चालण्याची आणि रोज रात्री पाय न्याहाळण्याची सवय लावता येते. ज्या पायाला खडा टोचल्याचं कळत नाही, त्याची जखम दिसते तेव्हा बरीच खोल गेलेली असते.

मधुमेहाखेरीज इतर ग्रंथींचे आजार संख्येने कमी, पण तेही अशीच नजर मागतात. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या किमान चार तासांनी. हे न सांगितल्याने डोस वर्षानुवर्षं वाढत राहतो. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर रुग्ण म्हणतो, ओठांभोवती मुंग्या येताहेत. ती तक्रार थकव्यात मोडत नाही, कॅल्शियम उतरल्याची ती पहिली खूण असू शकते. मानेची पट्टी आवळल्यासारखी वाटणं, आवाज बदलणं, श्वास अडणं, यांतलं काहीही दिसलं की त्याच क्षणी सर्जनला बोलवायचं.

आणि स्टेरॉइड. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, काळ्या बुरशीने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जबडे गेले. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा मारा ही त्यामागची मोठी कारणं होती. दुसरी बाजू तितकीच धोक्याची. सांधेदुखीवर कुणी दिलेल्या पुडीत स्टेरॉइड असतं, रुग्ण ती महिनोन्‌महिने घेतो आणि एक दिवस अचानक बंद करतो. मग उलट्या, कोसळलेला रक्तदाब, ग्लानी. दाखल करून घेताना “अजून काय काय घेत होता? पुडी, चूर्ण, इंजेक्शन?” हा नर्सने विचारलेला प्रश्न अशा वेळी निदान घडवतो.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी काही जण मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात जातील, काही समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून खेड्यातल्या उपकेंद्रावर बसतील. व्यासपीठावर बसलेल्या प्रशासकांकडे त्यांच्या वतीने एक मागणी करायला हवी. शिकवण्याचा वेळ ड्यूटीच्या तक्त्यात लिहिला जावा, त्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि सरावाच्या सिरिंज मिळाव्यात. स्नातकांकडूनही एक अपेक्षा आहे. इन्सुलिनवरच्या कोणत्याही रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर डोसच्या खाली आणखी एक ओळ असावी: रुग्णाने किंवा नातेवाइकाने स्वतः डोस भरून दाखवला, तारीख, आणि नर्सची सही.