उसातलं भूत, वाड्यातलं सोनं

(कोऱ्हाळे बुद्रुक येथील शरद ऋतूतल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)

वाढलेल्या उसात माणूस शिरला की दहा पावलांत दिसेनासा होतो. पाचटाची सळसळ ऐकू येत राहते, पण ती कोणत्या सरीतून येते ते सांगता येत नाही. कोऱ्हाळ्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. दिवेलागणीनंतर बांधावरून एकट्यानं जाताना पाय कसे उचलतात, हेही इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अलीकडे त्या भीतीला बिबट्याचं नाव मिळालं आहे. बिबट्या नव्हता तेव्हाही भीती होतीच.

विशाल फुरिया या दिग्दर्शकानं २०१७ मध्ये नेमका हाच ऊस पडद्यावर आणला. ‘लपाछपी’ हा त्यांचा मराठी चित्रपट. दिवस भरत आलेली नेहा आणि तिचा नवरा पैशाच्या गुंत्यात सापडतात आणि शहर सोडून आपल्या ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी लपायला येतात. घराच्या चहूबाजूंनी ऊस. घरात तुळसाबाई नावाची वयस्कर बाई. बोलायला गोड, वागायला मायाळू, आणि नेहानं कुठे जावं नि कुठे जाऊ नये याबद्दल फार ठाम. नेहा झालेल्या पूजा सावंत आणि तुळसाबाई झालेल्या उषा नाईक या दोघींनीच हा चित्रपट पेलला आहे. फडातून मुलांचं हसणं ऐकू येतं. नेहा वाट फुटेल तिकडे धावते आणि फिरून तिथेच येते. शेवट सांगून ज्यांनी पाहिला नाही त्यांचा रस घालवणं बरं नव्हे. भीतीचं मूळ मात्र सांगायलाच हवं, कारण ते या भागापासून लांब नाही. ते नकोशा झालेल्या मुलींमध्ये आहे.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथे २०११ च्या ऑक्टोबरात एक कार्यक्रम झाला. घरात मुलगा हवा असताना जन्मल्या म्हणून ‘नकोशी’, ‘नकुशी’ अशी नावं मिळालेल्या अडीचशेहून अधिक मुलींना त्या दिवशी नवी नावं देण्यात आली. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. कायदा लागतो म्हणजे गुन्हा घरोघरी पोचलेला असतो. ‘लपाछपी’ अंगावर येतो तो याच्यामुळे. पडद्यावरची सावली दचकवते आणि निघून जाते, तुळसाबाईचा शांत आवाज मात्र घरी येतो, कारण तो आवाज बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये हा चित्रपट हिंदीत ‘छोरी’ नावानं केला. तिथेही ऊस आहे. तरी मराठीतला ऊस जास्त दाट वाटतो.

भयपट पाहायचा म्हणून जगात एक ऋतूच ठरून गेला आहे. ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे हॅलोविन. सुगी संपून थंडीचा काळोख सुरू होतो, त्या संधीला मेलेली माणसं परत येतात, अशी आयर्लंडकडची जुनी समजूत. तिला पुढे ख्रिस्ती संतांच्या दिवसाची जोड मिळाली आणि अमेरिकेत गेल्यावर मुखवट्यांचा सण झाला. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ १९७८ च्या ऑक्टोबरात लागला आणि त्या रात्री भयपट पाहण्याची रीत पक्की झाली. थोडक्या पैशांत केलेला हा चित्रपट. चित्रीकरण वसंतात चाललं होतं, म्हणून शरदातली पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची आणि शॉट संपला की पुन्हा गोळा करायची. खुन्याचा मुखवटा दुकानातून आणलेला, पांढरा रंग मारलेला. संगीत कार्पेंटरनं स्वतःच केलं. भीती उभी करायला पैसा लागत नाही, नजर लागते, हे त्या चित्रपटानं सिद्ध केलं.

आपल्याकडे याच सुमाराला पितृपक्ष होऊन गेलेला असतो, सर्वपित्री अमावास्येला गेलेल्यांची पानं वाढलेली असतात आणि दिवाळी तोंडावर असते. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात गाळपाची तयारी सुरू होते, ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडू लागतात. मृतांची आठवण आणि सुगीची गडबड एकत्र येण्याचा हा काळ परका मुळीच नाही. म्हणून या दिवसांत भयपट पाहायचे तर ते आपल्या मातीतले का नसावेत, असा प्रश्न पडतो. आणि असे चित्रपट आहेत, चांगल्यापैकी आहेत.

त्यात सर्वांत मोठा ‘तुंबाड’. त्याचा वाडा पाहायला कोकणात जायला नको. तो सासवडला आहे. सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्यात या चित्रपटाचं बरंच चित्रीकरण झालं. कोऱ्हाळ्याहून पुण्याला जाताना सासवड वाटेतच लागतं.

‘तुंबाड’चा जन्म गोष्ट सांगण्यातून झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं नारायण धारपांची गोष्ट सांगितली. धारप म्हणजे मराठी भयकथेतलं सर्वांत मोठं नाव. १९२५ मध्ये जन्मले, २००८ मध्ये गेले. त्यांच्या ‘आजी’ या कथेचं मूळ स्टीफन किंगच्या एका इंग्रजी कथेत आहे. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यातल्या लेखकाच्या घरी आली, तिथून नागझिऱ्याच्या रात्रीत शिरली आणि शेवटी साखळदंडांत जखडून वाड्याच्या खोलीत बसली. बर्वेंनी पहिला खर्डा अठराव्या वर्षी, १९९७ मध्ये लिहिला. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं. मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं. निर्माते आणि नायक सोहम शाह यांनी त्यात आपली वर्षं घातली. पडद्यावरचा पाऊस खरा हवा म्हणून कित्येक पावसाळे वाट पाहिली. पंकज कुमार यांचा कॅमेरा त्या पावसात असा फिरतो की भिंतींची ओल नाकाला जाणवावी.

गोष्ट १९१८ पासून १९४७ पर्यंत जाते. विनायकराव नावाच्या माणसाला ठाऊक आहे की वाड्याखाली देवीच्या गर्भात हस्तर नावाचा दैत्य आहे. त्याच्याकडे सोनं आहे, पण तो धान्याला मुकलेला, कायमचा भुकेला आहे. कणकेची बाहुली घेऊन दोरानं खाली उतरायचं, हस्तर बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या कमरेची मोहर ओढायची आणि वर यायचं. पुण्याला परत जायचं, मोहरा विकायच्या, संपल्या की पुन्हा उतरायचं. पुढे मुलाला उतरायला शिकवायचं. मुलगा बापापेक्षा हुशार निघतो आणि इथे पोटात खड्डा पडतो. ज्यानं विहिरीवर विहीर आणि बोअरवर बोअर घेतलेली पाहिली आहे, त्याला हा हस्तर नव्यानं ओळखायला नको.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी हा चित्रपट लागला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन त्यानं झालं होतं. गल्ला मात्र बेताचा जमला. मग लोक मोबाइलवर पाहू लागले, एकमेकांना सांगू लागले, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई झाली. इंग्रजीत ज्याला कल्ट म्हणतात तो चित्रपट असाच घडतो. जाहिरातीपेक्षा एका माणसानं दुसऱ्याला धरून बसवल्यामुळे.

हे धरून बसवणं गावांनी फार आधीपासून केलं आहे, तंबूत. जत्रेच्या आवारात ट्रक थांबायचा, कनाती लागायच्या, पांढरा पडदा ताणला जायचा आणि मातीत फतकल मारून लोक बसायचे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या ठिकाणी असे अनेक तंबू शेजारी शेजारी उभे असत. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावर वर्षानुवर्षं काम करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात गेला. गंजलेले प्रोजेक्टर, उशिरा पोचणारी रिळं, ताटकळणारे प्रेक्षक आणि शेवटी यंत्र विकावं लागणारे मालक त्यात दिसतात. तो पाहताना गळा दाटतो.

या तंबूंचे आणि लहान गावांतल्या टॉकिजचे हुकमी चित्रपट म्हणजे रामसे बंधूंचे. कराचीहून फाळणीनंतर मुंबईला आलेलं हे सात भावांचं कुटुंब. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, सरकारी विश्रामगृहात सगळं बिऱ्हाड घेऊन उतरून केला. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, सगळं घरातल्या घरात. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी, म्हणजे अजय अग्रवाल, आजही चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना नावानिशी आठवतो. समीक्षकांनी या चित्रपटांना कधी उभं केलं नाही. त्यांत उथळपणा आहे, विनोदाचे तुकडे कंटाळा आणतात. पण ‘पुराना मंदिर’चा शाप नीट ऐकावा. राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल असा तो शाप आहे. राजाच्या वैराची किंमत सुनांनी आणि लेकींनी मोजायची. बाळंतीण दगावणं घरोघरी माहीत असलेल्या काळात तो शाप तंबूतल्या बायकांना कसा ऐकू गेला असेल, याचा विचार समीक्षकांनी करायला हवा होता.

मराठीनं भुताला हसवायलाही लावलं. ‘एक डाव भुताचा’ हा १९८२ चा चित्रपट. पटकथा आणि संवाद द. मा. मिरासदारांचे. मिरासदार जन्मले अकलूजला, इंदापूरच्या पलीकडे नीरेकाठीच. अशोक सराफांचं भूत आणि दिलीप प्रभावळकरांचा मास्तर यांची जोडी आजही ताजी वाटते. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये महेश कोठारेंनी एका अमेरिकी चित्रपटातली बाहुल्याची कल्पना उचलली, पण रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू अस्सल इथला झाला. कित्येक मुलांनी त्यानंतर घरातला बाहुला कपाटात टाकून कडी लावली.

ज्याची चर्चा फार कमी होते असा एक चित्रपट शेवटी घ्यायला हवा, ‘गहराई’. १९८० चा, हिंदी. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं, लेखनात विजय तेंडुलकर. बाप गावाकडची वडिलार्जित जमीन एका कंपनीला विकतो. जमीन राखणारा जुना गडी कळवळतो. मग शहरातल्या घरात या बापाची मुलगी वेगळ्याच आवाजात बोलू लागते आणि बापानं पुरलेलं सगळं बाहेर काढते. मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, बाप डॉ. श्रीराम लागू. भुताखेतांवर विश्वास नसलेला हा बाप हतबल होत जातो आणि घरात एकामागून एक मांत्रिक येतात. त्यात कोण खरा, कोण लुच्चा हे चित्रपट सोपं करून सांगत नाही.

याच लागूंनी पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर विवेकजागराचे कार्यक्रम करत महाराष्ट्र पालथा घातला. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. गावानं भयपट आणि हा कायदा दोन्ही सोबत ठेवावेत. तिकीट काढून घाबरणं हा आनंद आहे. आजारी मुलीला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेणं हा अपराध आहे, आणि अघोरी उपाय करणाऱ्याला आता तुरुंगही आहे. चांगला भयपट माणसाला हा फरक उलट जास्त स्पष्ट दाखवतो, कारण दिवे लागल्यावर भूत उरत नाही, जमीन विकणारा बाप उरतो.

गावात तीन रात्री असे खेळ लावायचे झाले तर निर्मात्यांची रीतसर परवानगी घ्यावी आणि ध्वनीवर खर्च करावा, कारण भयपट अर्धा कानांनी पाहिला जातो. पहिल्या रात्री मुलांसह सगळ्यांसाठी ‘एक डाव भुताचा’. दुसऱ्या रात्री ‘तुंबाड’, त्याला लहानांना आणू नये. तिसऱ्या रात्री ‘लपाछपी’, आणि त्यानंतर आशाताई, अंगणवाडीताई आणि कोप्यांवरच्या ऊसतोड बायांना बोलायला बसवावं. माइक आधी त्यांच्याकडे द्यावा.