पित्ताशयाचं ऑपरेशन: आधीचा आठवडा, नंतरचा पंधरवडा



पित्ताशयात खडे निघाले आणि सर्जननं ऑपरेशन सुचवलं, की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, नुसते खडे काढा ना, पिशवी कशाला काढता?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की खडे ज्या पिशवीत तयार झाले ती पिशवीच आजारी असते. ती ठेवून खडे काढले तर अनेकांना काही वर्षांत नवे खडे होतात. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख या सर्जननं 1882 साली पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं, ते हाच विचार करून. त्याआधीचे डॉक्टर पिशवी फोडून खडे तेवढे काढायचे.

दुसरा प्रश्न पचनाचा. पित्त तयार होतं यकृतात, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी, त्यात जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर पित्त मावतं. गच्चीवरची टाकी काढली तरी नळाचं पाणी थेट घरात येतंच, तसं पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतं. म्हणून पित्ताशयाविना माणूस पूर्ण आयुष्य नीट जेवून-खाऊन काढतो.

मात्र प्रत्येक खड्याला ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात खडे दिसले, पण पोटात कधी दुखलं नाही, तर बहुतेकांना थांबता येतं. अशा माणसांपैकी वर्षाला शेकडा दोन-तीन जणांनाच त्रास सुरू होतो. ज्यांना जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, उलट्या होतात, ताप येतो, कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते, त्यांनी मात्र टाळाटाळ करू नये. कुळथाचं कढण किंवा पानफुटीचा रस हे उपाय लोक मुतखड्यासाठी करतात. पित्ताशयातला खडा लघवीच्या वाटेवर नसतोच, त्यामुळे तिथे त्यांचा काही संबंध नाही. लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन शौचावाटे जे हिरवे गोळे पडतात, तेही खडे नसतात. त्या तेलाचाच पोटात साबण होतो, त्याचे ते गोळे.

आता तयारी. माझ्या मते या ऑपरेशनची निम्मी तयारी म्हणजे खरं बोलणं. पेशंट सर्जनला दुखणं सांगतो, पण औषधं सांगत नाही. हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे भुलीच्या डॉक्टरांना ऐन सकाळी कळतं. ही गोळी आपल्या मनानं बंदही करायची नाही आणि लपवायचीही नाही. कोणती, कधी आणि किती दिवस थांबवायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या साधारण तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. ब्लडप्रेशरची गोळी मात्र बहुधा ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. चूर्णं, काढे, जिममधली पावडर, हेही सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून घेऊन या, नावं पाठ असण्याची गरज नाही.

तंबाखूचंही तसंच. सिगारेट, विडी चार आठवडे आधी सुटली तर छातीत कफ भरण्याचा धोका बराच कमी होतो आणि जखमही बरी भरते. "मी फक्त मिसरी लावते," असं सांगणाऱ्या मावशींनी मिसरीही तंबाखूचीच असते हे ध्यानात घ्यावं.

विदर्भातल्या आणि नंदुरबार भागातल्या श्रोत्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी सारख्या फुटतात आणि त्यामुळे लहान वयातच पित्ताशयात काळे खडे होतात. अशा मुलाला किंवा तरुणाला भूल देताना अंगातलं पाणी, ऊब आणि प्राणवायू यांची फार काळजी घ्यावी लागते, कधी आधी रक्तही चढवावं लागतं. सिकलसेलचं कार्ड घरी ठेवून दवाखान्यात येऊ नका.

रक्ताच्या तपासण्यांत यकृताची तपासणी महत्त्वाची. त्यात गडबड निघाली किंवा सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, तर एखादा खडा घसरून नलिकेत अडकल्याची शंका येते. मग एमआरआयसारखी तपासणी करतात आणि खडा सापडला तर आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात. पेशंटला वाटतं, डॉक्टर खर्च वाढवतायत. नलिकेत खडा राहून गेला तर ऑपरेशननंतर कावीळ होऊन पेशंट परत येतो, आणि तो खर्च जास्त मोठा असतो. खर्चाचीच अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधीच चौकशी करा.

आदल्या दिवशी साबणानं स्वच्छ आंघोळ करा आणि बेंबी नीट धुवा. आपल्याकडे बेंबीत तेल घालायची सवय असते, ती त्या आठवड्यात बंद ठेवा, कारण मोठं छिद्र बेंबीपाशीच घेतात. नखांचं पॉलिश काढा आणि बोटांवर मेंदी लावू नका, कारण प्राणवायू मोजणारा चिमटा बोटालाच लावतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढावी लागतात. काही घरांत यावर फार वाद होतो. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर तिथे भाजू शकतं, एवढंच त्यामागचं कारण आहे. कवळी असेल तर तीही काढून ठेवा. आणि उपाशी म्हणजे खरोखर उपाशी. जेवण सहा तास आधी बंद, आणि दुधाचा चहा जेवणातच धरायचा. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमचे भुलीचे डॉक्टर सांगतील तेच खरं. पोटात अन्न असलं तर भूल चढताना ते फुप्फुसात जाऊ शकतं.

ऑपरेशन बहुधा तास-दीड तासाचं असतं. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 साली ते पहिल्यांदा दुर्बिणीतून केलं, तेव्हा तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांची टिंगल केली होती. पाचच वर्षांनी, 1990 मध्ये, डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातलं पहिलं असं ऑपरेशन केलं, तेही सरकारी रुग्णालयातल्या गरीब पेशंटवर. आज तालुक्याच्या गावीसुद्धा ते होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, साधारण चार छिद्रं घेतात, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी यांना क्लिपा लावून पिशवी बेंबीतून किंवा वरच्या छिद्रातून बाहेर काढतात. सूज फार असेल आणि आतलं नीट दिसत नसेल तर सर्जन पोट उघडतो. नातेवाईक याला अपयश समजतात. माझं मत उलट आहे. मुख्य पित्तनलिकेला इजा होणं ही या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट गोष्ट. ती क्वचितच होते, पण न दिसणाऱ्या जागी हट्टानं दुर्बीण चालवली तर तिची शक्यता वाढते. वेळेवर पोट उघडणारा सर्जन शहाणा. म्हणून संमतिपत्रावर सही करताना "पोट उघडावं लागू शकतं" ही ओळ वाचा आणि तिच्याबद्दल विचारून घ्या.

शुद्धीवर आल्यावर उजवा खांदा दुखला तर घाबरू नका. पोटातल्या वायूनं श्वासपटल चाळवतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ती जाते, आणि चालल्यानं लवकर जाते. त्याच संध्याकाळी पेशंटला उठवतात. आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन बसा. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं असेल तर श्वास आत ओढून चेंडू वर उचला. पेशंट ते नातवाला खेळायला देतात, तेवढं करू नका.

घरी गेल्यावर मात्र घरातल्यांचंच राज्य सुरू होतं. एक आत्या म्हणते, भात नको, टाक्यांत पू होतो. दुसरी डिंकाचे लाडू घेऊन येते. दोघींचंही ऐकू नका. भातानं पू होत नाही. पहिले काही दिवस वरण-भात, मऊ पोळी, शिजवलेली भाजी, ताक, फळं असं थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. तळलेलं, तुपाचं, खोबऱ्याच्या वाटणाचं दोन-तीन आठवडे बेतानं, मग हळूहळू नेहमीचं. पित्त आता सारखं उतरत असल्यानं काहींना सुरुवातीला पातळ शौचाला होतं, बहुतेकांचं आपोआप थांबतं. महिन्याभरानंतरही थांबलं नाही तर सांगा, त्यावर औषध आहे. आयुष्यभर पथ्य लागत नाही. वर्षानुवर्षं पेज पिणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्यावर कुणी तरी उगाच सक्ती केलेली असते.

सव्वा महिना अंथरुणात पडून राहायची गरज नाही. घरात आणि अंगणात रोज चाला. बैठं काम आठ-दहा दिवसांत सुरू होतं. दुचाकी मात्र दुखण्याची जोरदार औषधं बंद झाल्यावर आणि न दुखता झटकन ब्रेक दाबता आल्यावरच. हंडा, गॅसचं सिलिंडर, पोतं आणि हो, कडेवरचं नातवंड, हे सगळं निदान तीन-चार आठवडे नाही. पोट उघडलं असेल तर दीड-दोन महिने. जखमेवर हळद, राख, दवाखान्यानं न सांगितलेली मलमं लावू नका.

ताप, थांबत नसलेल्या उलट्या, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं पोटातलं दुखणं, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शौच, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात या.

शेवटी एक विनंती. काढलेले खडे बाटलीत घालून पेशंटच्या हाती देतात आणि ते गावभर दाखवले जातात. जरूर दाखवा. पण काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवली का, हे विचारा. क्वचित एखाद्या पिशवीत कर्करोगाची सुरुवात सापडते, आणि ती त्या एका रिपोर्टावरूनच कळते. टाके दाखवायला याल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.