उष्ण प्रदेशातील दहिवर आणि लागवडीचे वेळापत्रक



फरीदाबाद म्हटले की कारखाने डोळ्यांसमोर येतात. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी उभारलेली औद्योगिक नगरी, ही या गावाची अर्वाचीन ओळख. परंतु शहराच्या पूर्वेस यमुनेच्या काठाने गाळाच्या ‘खादर’ जमिनीचा पट्टा आहे आणि तेथे भाजीपाला पिकतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या या प्रदेशात गोठवणाऱ्या थंडीचा हिशेब मांडून लागवड करावी लागते, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला प्रथमदर्शनी नवलाची वाटेल.

पानांचा पृष्ठभाग शून्य अंशाखाली गेला की हवेतील बाष्प त्यावर हिमकणांच्या रूपाने साचते. यालाच दहिवर म्हणतात. हरियाणातील शेतकरी त्याला ‘पाला’ म्हणतो. मराठी वाचकाने या शब्दाचा संबंध झाडपाल्याशी जोडू नये. पेशींच्या दरम्यानचे पाणी गोठते, ते पेशींतील पाणी ओढून घेते आणि पेशी कोलमडतात. सकाळी ऊन चढले की पाने उकडल्यासारखी दिसू लागतात व पुढे काळी पडतात.

पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की आकाश निवळते आणि वायव्येकडून कोरडे, थंड वारे येतात. मग वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. त्यामुळे नोंद ३-४ अंशांची असली, तरी पिकाच्या पानावर शून्य अंश असू शकतात. परीक्षार्थींनी हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. दाट धुक्याच्या रात्री मात्र जमिनीची उष्णता पूर्णपणे निसटत नाही. म्हणजे ज्या दिवशी माणूस धुक्यात गारठतो, त्या दिवशी पिकाला दहिवराचा धोका असतोच असे नाही.

समशीतोष्ण देशांत वसंतातील अखेरच्या दहिवराची सरासरी तारीख काढून तीवरून पेरणी ठरवतात. ही पद्धत येथे जशीच्या तशी चालत नाही, कारण दहिवर दरवर्षी पडतेच असे नाही. जवळच्या दिल्लीतील सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ अंश, ८ जानेवारी २००६ रोजी ०.२ अंश, १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश, तर १६ जानेवारी २०२३ रोजी १.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. धोक्याचा काळ ढोबळमानाने डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. पण त्यातील नेमकी रात्र कोणती, हे पंचांग सांगू शकत नाही.

मग फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबावे, असे कोणी म्हणेल. येथेच खरी अडचण आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे आणि रात्रीचे २५ अंशांच्या आसपास गेले की टोमॅटोची फलधारणा खालावते, फुले गळतात. म्हणजे फरीदाबादच्या शेतकऱ्याला दहिवराइतकाच, किंबहुना अधिक, उन्हाळ्याचा धाक असतो. लागवडीची तारीख त्याला पुढून मागे मोजत यावे लागते. म्हणूनच उत्तर भारतात उन्हाळी टोमॅटोची रोपवाटिका नोव्हेंबरमध्ये टाकतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून रोपे शेतात लावतात. महिनाभर उशीर झाला, तर रोप दहिवरातून वाचते आणि मेच्या उन्हात सापडते. कोबी, गाजर, पालक यांना हा घोर नाही. वाटाण्याची पाने थंडी सोसतात, फुले आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत.

यमुनेच्या वाळूत वेलभाज्या व खरबूज पिकवणाऱ्यांनी या पेचावर फार पूर्वी तोडगा काढला. ते थंडीतच चरांमध्ये बी टाकतात आणि वायव्येकडील वारा अडवण्यासाठी सरकंडा गवताचे आडोसे उभे करतात. आपल्याकडील नदीपात्रातील कलिंगडाच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने प्रचारात आणलेले प्लॅस्टिकचे बुटके बोगदे म्हणजे एका अर्थी याच आडोशाचे आधुनिक रूप होय. पिशव्यांत वाढवलेली रोपे त्याखाली लावली की वेलभाज्या लवकर बाजारात येतात आणि हंगामाआधीचा चढा भाव मिळतो.

रात्री हलके पाणी देणे हा सर्वांत सुलभ उपाय; ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते व रात्री सावकाश सोडते. रोपवाटिका पेंढ्याने झाकताना आग्नेयेची बाजू मोकळी ठेवतात, म्हणजे सकाळचे ऊन आत येते. शेताच्या कडेला काडीकचरा जाळून धूर करण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत हमखास सापडतो. राजधानी क्षेत्रात तो आता देता येणार नाही. दहिवर पाडणारी थंड हवेची जी स्थिरता, तीच येथील प्रदूषणही जमिनीलगत कोंडून ठेवते. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये देशभर मनाई केली आहे.

महाराष्ट्रातही महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव-लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठतात आणि स्ट्रॉबेरीचे शेतकरी धास्तावतात. तेथे समुद्रसपाटीपासूनची उंची आणि खोलगट जागा यांचा हातभार असतो. फरीदाबाद मात्र सपाट मैदानात आहे. तेथेही सिमेंटच्या वस्तीपेक्षा मोकळे खादर रात्री अधिक थंड होते, म्हणून शहरातील गच्चीवरची बाग वाचली तरी नदीकाठचा मळा वाचेलच असे नाही.

थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश आपत्ती निवारण निधीतून साहाय्य मिळू शकणाऱ्या आपत्तींत आहे. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल, तर निविष्ठा अनुदान देय ठरते. पंचनाम्याचा आधार मात्र गिरदावरी, म्हणजे आपल्याकडील पीकपाहणी. खादरात हंगामापुरती जमीन खंडाने घेऊन वेल लावणाऱ्याचे नाव तीत नसेल, तर बी, पेंढा, प्लॅस्टिक आणि खंड हा सारा खर्च त्याच्याच अंगावर पडतो.