मूळपेशी प्रत्यारोपणाची पूर्वतयारी : रुग्णाची आणि समाजाची

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे घेतला आहे. कापडाच्या व्यापाऱ्याने वैद्यकीय विषयावर बोलावे, हे धाडसच होय. परंतु गेले सात महिने हा विषय माझ्या शरीरातच मुक्कामाला आहे. मला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, झाला असून पुढील महिन्यात मुंबईत माझे मूळपेशी प्रत्यारोपण व्हावयाचे आहे. एकलहऱ्यात त्याविषयी बरीच कुजबुज आहे, म्हणून डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते आपणासमोर ठेवतो.

हे प्रत्यारोपण म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात भाताची रोपे टाकण्यापूर्वी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. बियाणे मात्र शेतकऱ्याने आधीच बाजूला राखलेले असते. माझ्या बाबतीतही तसेच होणार आहे. चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतील मूळपेशी रक्तात आणतात व यंत्राद्वारे त्या वेगळ्या काढतात. वजनाच्या दर किलोमागे किमान वीस लाख पेशी लागतात. त्यानंतर मेल्फालन नावाचे तीव्र औषध दिले जाते. त्याने रोगट पेशींबरोबर निरोगी मज्जाही जळते. मग राखून ठेवलेल्या पेशी रक्ताप्रमाणे शिरेतून परत देतात. त्या मज्जेत रुजून नवे रक्त तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. मायलोमा समूळ जाईलच अशी हमी नाही. मात्र अनेकांमध्ये तो काही वर्षे आटोक्यात राहतो. व्यापारात तरी नफ्याची हमी कोण देतो?

ल्युकेमियासारख्या रोगांत पुष्कळदा दुसऱ्याच्या मूळपेशी घ्याव्या लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली होती. बालपणीच्या पोलिओमुळे डॉक्टर स्वतः चाकांच्या खुर्चीवर असतात. 2012 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

आता तयारीविषयी. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड, यकृत या सर्वांच्या तपासण्या होतात. दातही तपासून घ्यावे लागतात, कारण किडका दात त्या काळात जीवघेण्या जंतुसंसर्गाचे दार ठरू शकतो. मेल्फालन देताना तोंडात बर्फ चघळावयास देतात, त्याने तोंड कमी सोलते. केस गळणार, हे गृहीत धरावयाचे. पाणी उकळलेले, अन्न ताजे व पूर्ण शिजवलेले हवे. या पथ्यात आपणा जैनांना नवे असे काही नाही. उपवास किंवा आयंबिल मात्र डॉक्टरांच्या अनुमतीवाचून करू नये, व कोणी रुग्णास तसा आग्रहही करू नये. पुढे लहानपणीच्या लसीदेखील पुन्हा घ्याव्या लागतात.

ही झाली रुग्णाची तयारी. समाजाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, साता विचारावयास येऊ नका, फोन करा. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर असताना तुमची साधी सर्दीही रुग्णास न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. दूर राहणे हीच त्या काळातील सेवा आहे.

दुसरी, रक्तदान शिबिरे आपण भरवतोच. त्याबरोबर प्लेटलेटदात्यांचीही यादी तयार ठेवावी. प्लेटलेट पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत. त्यांचा साठा करता येत नाही, माणूसच तयार असावा लागतो. मुंबईत परगावच्या कर्करुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. तसा आधार आपल्या ट्रस्टनेही आपल्या परीने द्यावा.

तिसरी विनंती तरुणांना. सख्ख्या भावंडाचा एचएलए पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. दुकानात साडीवर ब्लाऊजपीस जुळवताना तोच रंग, तोच पोत शोधावा लागतो. येथे तर माणूसच जुळावा लागतो. भावंडांत जुळणी न मिळाल्यास ती आपल्याच वंशाच्या, आपल्याच समाजाच्या माणसात मिळण्याचा संभव अधिक. 2009 मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्था गालाच्या आतील बाजूस कापूस फिरवून नमुना घेतात. जुळणी झाल्यास मूळपेशी बहुधा रक्तातूनच काढतात, आणि दात्याच्या शरीरात त्या पुन्हा तयार होतात. ज्या दानाने देणाऱ्याची शिल्लक घटत नाही, असे दान मी बी.कॉम.च्या कोणत्याही खातेवहीत पाहिलेले नाही.

माझ्या पेशी माझ्याच असल्याने मला दात्याची गरज नाही. परंतु उद्या या सभागृहातील एखाद्या लेकराला ती पडू शकते. त्या वेळी शोधाशोध सुरू करण्यापेक्षा आज नाव नोंदविणे अधिक शहाणपणाचे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने असे एक नोंदणी शिबिर घ्यावे, अशी सूचना मांडतो व आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!