बोहाड्यासाठी कर्ज

होळी झाली की आमच्या मोखाडा-जव्हारकडे बोहाड्याचे दिवस येतात. वीटभट्टीवर गेलेली माणसं गावी परततात. रात्री टेंभे पेटतात, संबळ वाजतो आणि रस्त्यातून एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, शारदा, मग पुढची सगळी देवमंडळी आणि राक्षस. शेवटच्या पहाटे देवी महिषासुराला मारते. मुखवटे घालणारे सगळे पुरुष. देवीलाही पुरुषच नाचवतात, नेसवतात मात्र आमची लुगडी! कुठल्या देवीच्या अंगावर कुणाचं लुगडं आहे, ते आम्ही अंधारातही ओळखतो.

काही गावांत सोंगाचा मान घराण्यात चालत येतो. आमच्याकडे काही सोंगांना बोली लागते. गेल्या वर्षी आमच्या एका ताईच्या नवऱ्याने रावणाची बोली घेतली आणि ताई गटाकडे पाच हजार मागायला आली.

आम्ही दोन बैठका भांडलो. काही जणी म्हणाल्या, भट्टीवरची उचल अजून फिटली नाही, त्यात हे कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, वर्षभर राबणाऱ्या माणसाला गाव एक रात्र हात जोडतं, ते काय कमी आहे? दोन्ही खरंच होतं. मग कुणीतरी सुचवलं, कारण 'दवाखाना' लिहा आणि देऊन टाका. तिथे मात्र आम्ही अडलो. एकदा वहीत खोटं लिहिलं, तर उद्या खऱ्या दुखण्यालाही कुणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटी ठराव केला: दोन हजार, व्याज नेहमीचंच, कारणाच्या रकान्यात 'बोहाडा'. बाकीचं नवऱ्याने बघावं. तो आठ दिवस आमच्याशी बोलला नाही.

त्या रात्री आम्ही चहा-भज्यांचं दुकान मांडलं. ताईही कढईपाशी बसली होती. रावण आला तशी झारा हातात घेऊनच रस्त्यावर धावली. भजी करपली, पण तिला कुणी बोललं नाही.

लुगड्यांचं अजून भिजतच पडलंय. ती फाटून, काजळ लागून परत येतात. यंदा पंचांना सांगितलंय, धुऊन द्या, फाटलं तर भरून द्या. ते हसले, आम्ही हसलो नाही.

ताईचे तीन हप्ते आले, चौथा राहिलाय. तुमच्या गटाने असं कर्ज दिलं असतं का? आम्हाला कळवा.