शिसवी आणि शिसू : ओळख व कारागिरी

शिसवी लाकूड हा शब्द उच्चारताच जुन्या घरातील काळसर, जड पलंग डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु बाजारात या नावाखाली विकले जाणारे प्रत्येक लाकूड शिसवीच असते असे नाही. उत्तर भारतात ‘शीशम’ म्हणतात तो मराठीतील शिसू होय; हिमालयाच्या पायथ्याशी, नद्यांच्या गाळात तो वाढतो. शिसवी हा दक्षिणेकडील पानझडी अरण्यांतील वृक्ष. कर्नाटकात त्याला ‘बीटे’ व केरळात ‘ईट्टी’ म्हणतात. दोन्ही एकाच दाल्बर्जिया कुळीचे. म्हणूनच घोटाळा होतो.

झाड उभे असेल तर ओळख सोपी असते. शिसूच्या पर्णिकांना निमुळते टोक असते. शिसवीच्या पर्णिका गोलसर व टोकाशी बोथट, क्वचित खाचदारही असतात. लाकूड कापल्यावर मात्र परीक्षा कठीण होते. शिसूचे मध्यकाष्ठ सोनेरी ते गडद तपकिरी, तर शिसवीचे जांभळट झाक असलेले व काळ्या रेघांचे असते. ताज्या कापाला मंद सुगंध येतो. वजन हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण शिसवी शिसूहून थोडीच जड असते. रंग तर त्याहूनही फसवा. फिकट रसकाष्ठावर गडद रंग चढवला की अनभिज्ञ ग्राहक सहज फसतो. यास्तव वस्तूची रंग न लागलेली, आतील बाजू पाहणे हेच शहाणपणाचे.

शिसवीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे रंधा विरुद्ध दिशेने लागताच ते उपटून येतात. शिवाय तिच्या वाहिन्यांत खडूसारखे क्षार साचलेले असल्याने हत्यारांची धार लवकर जाते. म्हणून कसलेला सुतार पाते पुनःपुन्हा परजतो व पातळ कीस काढतो. खिळा वा स्क्रू बसवण्यापूर्वी तो गिरमिटाने भोक पाडून घेतो. लाकूड सावलीत सावकाश वाळवावे लागते. त्याचा भुसा काहींच्या कातडीला व श्वासाला बाधतो. तेव्हा तोंडाला फडके बांधणे आवश्यक ठरते.

ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. शिसवी फार सावकाश वाढते आणि तिची नैसर्गिक वने विरळ झाली आहेत. २०१७ च्या जानेवारीपासून जवळजवळ सर्व दाल्बर्जिया कुळीचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त प्रजातींविषयीच्या कराराच्या नियंत्रणाखाली आला. कापलेल्या लाकडावरून जातींतला भेद ठरवणे अवघड, म्हणून शिसूसारखी लागवडीतून मिळणारी जातही त्यात आली. त्याचा परिणाम निर्यातीसाठी काम करणाऱ्या कारागिरांनाही सोसावा लागला. २०२२ मध्ये छोट्या वस्तूंबाबत काही सवलत स्पष्ट झाली.

शिसूला शिसवी म्हणून विकणारा ग्राहकाला फसवतो. शिसवीला शिसू म्हणून खपवणारा अरण्याला. दोन्ही फसवणुकींवर उतारा एकच : जाणता डोळा.