पोथी पाण्यात सोडायची नाही

(दिंडीच्या शतकपूर्ती सप्ताहात झालेल्या भाषणाचा मजकूर)

शंभर वर्षांच्या वारीबद्दल आधीची मंडळी भरभरून बोलली. आम्हाला एका पोथीबद्दल बोलायचं आहे.

दिंडीच्या पेटीत, तळाशी, लाल कापडात बांधलेली हस्तलिखित ज्ञानेश्वरी आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या वारीला ती पडशीतून गेली, असं वडीलधारे सांगत. पुढं छापील प्रती आल्या आणि ती पेटीत गेली. दर एकादशीला आपण तिला गंध-फूल वाहिलं, बुक्का लावला, माथा टेकला. उघडली मात्र नाही. शतकपूर्तीची पूजा मांडायची म्हणून गेल्या वर्षी गाठ सोडली, तर कापडातून भुसा गळला. कसर लागली होती. छपराचं पाणी झिरपून शेवटच्या पानांवर उतरलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव, गाव, शक जिथं असतो, नेमकी तीच जागा काळ्या डागाखाली गेली होती. दोष कुणा एकाचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

मग कोणी म्हणालं, "खंडित पोथी ठेवू नये, आषाढीला चंद्रभागेत सोडू." त्यात अश्रद्धा नव्हती. भंगलेली मूर्ती, फाटलेली पोथी वाहत्या पाण्यात सोडायची रीतच आहे. आम्हीही आधी हो म्हणालो. पण सोडण्यापूर्वी एकदा जाणत्याला दाखवावी, म्हणून आम्ही चौघे ती घेऊन पुण्याला गेलो.

तिथल्या अभ्यासकांनी पोथी पाहिली, थोडा वेळ गप्प बसले, आणि एक जाडजूड पुस्तक उघडून आम्हाला दुसऱ्याच एका पोथीची चित्रं दाखवली. ती पोथी विलायतेची आहे. तिची हकिगत ऐकल्यावर आमचा विचार बदलला, म्हणून ती तुम्हालाही सांगतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याला लिंडिसफार्न नावाचं एक लहानसं बेट आहे. भरतीला समुद्र त्याची वाट बुडवतो, ओहोटीला मोकळी करतो. साधारण 1300 वर्षांपूर्वी तिथं ख्रिस्ती साधूंचा मठ होता. कथबर्ट नावाचे त्यांचे संत 687 साली गेले. देवासाठी आणि या संतासाठी म्हणून तिथं एक पोथी लिहिली गेली. त्यात येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं लॅटिन भाषेत आहेत. लिहिणारा त्या मठाचा बिशप एडफ्रिथ. पानं कागदाची नाहीत, वासराच्या कमावलेल्या कातड्याची आहेत. आपल्या अंगावर हे ऐकून काटा येईल, पण त्या मुलखात तेव्हा कागद नव्हता.

त्या पोथीतली काही पानं पाहताना नजर ठरत नाही. अक्षरं वेलीसारखी वळतात, वेलीतून पक्षी निघतात, पक्ष्यांच्या माना एकमेकींत गुंफलेल्या. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या पानावर अक्षरांच्या कडेनं तांबडे ठिपके आहेत. मोजणाऱ्यांनी ते दहा हजारांच्या वर भरवले आहेत. एका पानावर! जपाची माळ ओढावी तसा एकेक ठिपका टेकवलेला.

पुढं 793 साली समुद्री लुटारूंनी मठ लुटला. हल्ले थांबेनात, तेव्हा 875 साली साधूंनी बेट सोडलं. संताच्या देहाची पेटी आणि पोथी घेऊन ते सात वर्षं गावोगाव फिरले, असं परंपरा सांगते. मायबाप हो, पालखीबरोबर चालणाऱ्याला हे चित्र काही वेगळं सांगावं लागत नाही.

डरहॅमच्या सिमियन नावाच्या साधूनं बाराव्या शतकात लिहून ठेवलं आहे, की या भटकंतीत ते एकदा होडीनं आयर्लंडला निघाले. वादळ उठलं, होडी कलंडली आणि पोथी समुद्रात पडली. पुढं संतानं एकाला स्वप्नात खूण सांगितली. ओहोटीच्या वेळी ते शोधत गेले, तर पोथी वाळूवर होती आणि तिची अक्षरं शाबूत होती. ती हीच पोथी, असं लोक मानत आले.

हे ऐकलं आणि आम्ही चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. चौघांच्याही मनात देहूचा डोह आला. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो, डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. ज्यांनी बुडवायला लावल्या त्यांना बोल लावतो. आणि आम्ही आमच्या हातानं माउलींची पोथी पाण्यात सोडायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. एडफ्रिथनंतर साधारण अडीचशे वर्षांनी आल्ड्रेड नावाच्या साधूनं त्याच पोथीत, लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात त्यांच्या बोलीतला अर्थ लिहिला. शुभवर्तमानांचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं इंग्रजी रूप ते हेच. जे विद्वानांच्या भाषेत होतं ते आपल्या लोकांच्या भाषेत आलं. माउलींनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला गीता मराठीत आणली, तिचं मोल आपल्याला कळतं. मग त्या आल्ड्रेडच्या बारीक अक्षरांचंही कळावं. त्यानं शेवटी चौघांची नावं लिहून ठेवली: लिहिणारा एडफ्रिथ, बांधणी करणारा एथिलवल्ड, वर सोन्या-रत्नांचं आवरण चढवणारा बिल्फ्रिथ, आणि अर्थ लिहिणारा आपण स्वतः. बिल्फ्रिथचं ते आवरण कधीच नाहीसं झालं. अक्षरं राहिली, नावं राहिली. पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आपल्या पोथीत सोनं नाही, पक्षी नाहीत. ती पडशीतून न्यायची, पारायणाला उघडायची पोथी. पण नीट बघा. ओव्यांचे आकडे आणि दंड हिंगुळाच्या तांबड्या शाईत आहेत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच उंचीचे. जागोजाग पिवळे पट्टे दिसतात. आम्हाला ते हळदीचे डाग वाटले होते. तो हरताळ निघाला. अक्षर चुकलं की लिहिणारा त्यावर हरताळाचा लेप द्यायचा आणि सुकल्यावर वर बरोबर अक्षर काढायचा. 'हरताळ फासला' असं आपण म्हणतो ते इथूनच आलं. एडफ्रिथच्या चित्रांतला पिवळा रंगही हरताळाचाच आहे. त्यानं तो शोभेला लावला, आपल्या लिहिणाऱ्यानं चूक दुरुस्त करायला. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. ती शुद्धता जपायची म्हणून हा नाव हरवलेला माणूस एकेका अक्षरासाठी थांबला होता.

तर पोथी पाण्यात गेली नाही. पानं मऊ कुंचल्यानं झाडली, सगळ्या पानांचे फोटो काढले, दुरुस्ती जाणत्या हातांकडं सोपवली.

आता तुमच्याकडं मागणं. घरोघर देव्हाऱ्यात, माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत पोथ्या आहेत. त्या बाहेर काढा, पण उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्याला ठेवा. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका. पान उलटताना बोट जिभेला लावू नका, हरताळात विष असतं. नवं कापड आधी धुऊन त्याची खळ काढा, खळीला कसर लागते. जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवा. गंध, कुंकू, बुक्का कापडावर वाहा, पानावर नको. आणि निदान वर्षातून एकदा पोथी उघडा.

आपल्या पेटीत आम्ही एक वही ठेवली आहे. ज्या एकादशीला पोथी उघडली, ती तिथी आणि उघडणाऱ्याचं नाव तीत लिहायचं. लिहिणाऱ्याचं नाव आपण गमावलं, ते काही परत यायचं नाही. निदान सांभाळणाऱ्यांची तरी पुढच्या शंभर वर्षांना वाचता यावीत. या आषाढीला वहीतलं पहिलं पान भरायचं आहे. पुढं या.

राम कृष्ण हरी!